आवणीतल्या चपला

आमचे हेडसर माणसाकडे बघायला पायापासून सुरुवात करायचे. सकाळी शाळेच्या फाटकात उभे राहिले की त्यांची नजर आधी बुटांवर जायची, मग मोज्यांवर, आणि सगळं ठीक असेल तरच चेहऱ्यापर्यंत पोचायची. आम्ही त्यांना पॉलिशसर म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं आणि मला वाटतं, थोडं आवडतही होतं.

लोणावळ्यात पावसाळ्याचे चार महिने बूट वाळत नाहीत. सरांना हे मान्यच नव्हतं. "रात्री आत रद्दी कोंबून ठेवायची, सकाळी कोरडे," असं सांगायचे, आणि न कोंबणाऱ्यांचे बूट स्वतः उचलून शाळेतल्या खिचडीच्या चुलीशेजारी नेऊन ठेवायचे. त्या दिवसांत खिचडीला एक वेगळाच वास यायचा. पाचवीतल्या पोरांच्या नाड्या मात्र गुडघे टेकून बांधून द्यायचे. "शिस्त पायापासून वर चढते," हे त्यांचं वाक्य भूमितीच्या तासालाही कुठून तरी यायचंच.

आमचं गाव लोणावळ्यापासून एसटीनं अर्ध्या तासावर. आवणीत, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत, घरातलं कुणी मोकळं नसतं. मी दहावीत होते, तरी सुट्टीचा दिवस खाचरात जायचा. चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, कातडी सोलून निघाली. आईनं मेंदीचा पाला वाटून लावला. बूट काही पायात जाईना. सोमवारी तशीच, लाल बोटांनी, चपला घालून शाळेत गेले.

सरांनी पाय बघितले. चपला चालत नाहीत, मेंदी तर मुळीच नाही.

"लग्नाला निघालीस का?" त्यांनी विचारलं आणि अख्खी रांग हसली.

"सर, ते आवणी..."

"कारणं नकोत. बाहेर हो. उद्या पालकांना घेऊन ये."

मी फाटकाबाहेर उभी राहिले. मुंबईहून आलेल्या एका गाडीनं मलाच धरणाचा रस्ता विचारला. डोळे पुसत मी तो नीट सांगितला.

दुसऱ्या दिवशी आई हातातलं काम टाकून आली. सवयीप्रमाणे सरांची नजर खाली गेली. तिच्या रबरी चपलांमधली बोटंही तशीच लाल, माझ्यापेक्षा जास्त सोललेली. सर स्वतः पवन मावळातले, भात लावणाऱ्या घरातले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पोरीचं कायी चुकलं आसंल तर पदरात घ्या, सर," आई म्हणाली.

"तिचं नाही, माझं चुकलं. माझ्या आईचे पाय असेच असायचे, बाई. मी विसरलो."

गोष्ट तिथंच संपली असती तर बरं झालं असतं. पण सरांना अर्धवट काही जमायचं नाही. पुढच्या प्रार्थनेला त्यांनी मला पुढे बोलावलं, शेजारी उभं केलं आणि माईकवर बोलले, "ही मुलगी नटून आली नव्हती. शेतात राबून तिच्या पायांना चिखल्या झाल्यात. मी न विचारता नियम लावला. मी सगळ्यांसमोर तिची माफी मागतो." शिक्षकांचे डोळे भरून आले. आणि शाळेतलं एकूण एक पोर माझ्या पायांकडे बघत होतं.

मधल्या सुट्टीपर्यंत माझं नाव 'चिखली' पडलं होतं.

मी शाळेत जायचं बंद केलं. आधी मला पायांची लाज वाटली, मग आईची, आणि आईची लाज वाटली म्हणून स्वतःची. ही शेवटची सगळ्यात वाईट. ती आईला सांगता येईना, म्हणून पोट दुखतंय म्हणत राहिले.

आठवडा उलटल्यावर सर आमच्या घरी आले. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात बूट.

"तुमी कशाला आला, सर?" वडील ओशाळून म्हणाले. "निरोप धाडायचा, आमीच आलो आसतो. हितं बसा."

सर ओसरीवर बसले, पण बोलले माझ्याशीच. "पहिल्या चुकीपेक्षा माझी दुसरी चूक मोठी. तुला न विचारता चारचौघांत उभं केलं. माझं मन हलकं करायला तुझे पाय सगळ्यांना दाखवले. आणि मला वाटलं, मी मोठेपणा केला." मान वर न करताच ते पुढे म्हणाले, "शाळेत ये म्हणायला मला तोंड नाही. तू ठरव. मात्र ही गोष्ट तुला विचारल्याशिवाय मी पुन्हा कुणाला सांगणार नाही."

चहा न घेताच ते गेले. त्यांची वाकलेली पाठ बघून मला रडू आलं.

मी सोमवारी गेले. फळ्यावर शनिवारपासूनच नवी सूचना होती: आवणी संपेपर्यंत ज्याला हवं त्यानं चपला घालून यावं, कारण विचारलं जाणार नाही. बाजारपेठेतली, बंगल्यांतली, सगळी पोरं आनंदानं चपला फटकावत आली. त्या गर्दीत माझ्या चपला कुणाला दिसल्याच नाहीत. सर फाटकात उभे होते आणि प्रयत्नपूर्वक समोरच्या झाडाकडे बघत होते.

मी आता तळेगावात एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. मागे एकदा निवृत्त सरांना भेटायला गेले. त्यांच्या पत्नीनं विचारलं, "ही कोण हो?" सरांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "सांगू?" मी मान हलवून नको म्हटलं. "भूमितीत फार हुशार होती," त्यांनी ठोकून दिलं. भूमितीत मी काठावर पास झाले होते.

सर गेले तेव्हा शोकसभेत मला बोलायला उठवलं. कडक होते, प्रेमळ होते, एवढं म्हणून मी खाली बसले. घरी येईपर्यंत लाजेनं मेले. सरांना स्वतःबद्दल जे अख्ख्या शाळेसमोर बोलता आलं, ते मला त्यांच्याबद्दल वीस माणसांत बोलता येईना.

म्हणून आज त्यांची चूक चारचौघांत सांगितली. त्यांना विचारायचं मात्र राहून गेलं.