लोटूंनी पुसलेले संकेत

सैन्यातून आलेला माणूस म्हटला की लोकांना बंदुकीच्या गोष्टी हव्या असतात. भेस्तानच्या आमच्या सोसायटीतल्या लोटू पाटलांकडे त्या नाहीत. अमळनेरकडच्या या माणसाने सतरा वर्षं पाठीवर रेडिओ सेट वाहिला. एकाच सेटवरून पायदळाशी, गाड्यांशी, हेलिकॉप्टरशी बोलायचं. कुणासाठी कुठला बँड, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. आता ते कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या गेटवर पहाऱ्याला असतात. युद्धाचं विचारलं की पाण्याच्या टँकरचा विषय काढतात.

नियम असा, की सेट शत्रूच्या हाती पडणार असं दिसलं तर आतले गुप्त संकेत पुसून टाकायचे. मग त्यावरून आपल्याच तुकडीशीही बोलता येत नाही. सीमेजवळ त्यांची गाडी दरीत घसरली, सोबतचा जवान मारुती तिच्याखाली अडकला, आणि धुक्यातून अनोळखी माणसं खाली उतरताना दिसली. लोटूंनी संकेत पुसले. ती माणसं निघाली गावकरी, घोंगड्या घेऊन आलेली. त्यांच्यातला एक जण पायी चौकीवर गेला. मदत यायला पाच तास लागले आणि तोवर मारुती गेला होता. चौकशीत लोटूंना शाबासकी मिळाली. ती त्यांना आजही टोचते.

मारुतीची बायको शांताबाई नांदेडहून मुलीकडे आमच्याच शहरात, कोसाडला राहायला आल्याचं कळलं, तेव्हा लोटूंच्या बायकोने, सरलाबाईंनी धोशाच लावला, "एकदाव जाई या, मन हलकं व्हई जाई." शेवटी स्कूटर माझी म्हणून मलाही जावं लागलं.

शांताबाईंनी चहा ठेवला. "लगेच गेले, त्रास झाला न्हाई, असं पत्रात व्हतं," त्या म्हणाल्या.

हो म्हणा आणि सुटा, असं मी मनात म्हणत होतो.

"नाही वहिनी. पाच तास जिवंत होता. मी संकेत पुसले नसते तर मदत लवकर आली असती." लोटू मान खाली घालून शिव्यांची वाट बघत बसले.

"तुम्ही जवळ व्हता?"

"होतो. हात धरून."

"शुद्धीवर व्हते?"

"शेवटपर्यंत."

शांताबाईंनी गॅस बंद केला आणि समोर येऊन बसल्या. "मशीनचं मला काय कळत न्हाई, भाऊ. अकरा वर्षं झाली, त्यांचं शेवटचं बोलणं मला कुनीच सांगितलं न्हाई. पाच तासांत काय काय बोलले, ते सांगा."

लोटू रडले. मग डोळे पुसून त्यांनी पहिल्या तासापासून सांगायला घेतलं.