एक फिल्म, दोन पडदे

बुधाजी कासारे अकरा वर्षं परळच्या एका थिएटरात ऑपरेटर होता, आणि या अकरा वर्षांत त्याने एकही सिनेमा धड पाहिला नव्हता. त्याचं लक्ष पडद्यावर कमी आणि मशिनीतून सरकणाऱ्या फिल्मवर जास्त. खरं तर त्याला गिरणीत साचेखातं हवं होतं, कारण पगार तिथेच बरा. पण साच्यावर, म्हणजे मागावर, धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, आणि महाराच्या तोंडचा धोटा दुसरा कोण तोंडाला लावणार? भरती करणाऱ्या जॉबरने हे इतक्या गोड शब्दांत सांगितलं की अपमान झाल्याचं बुधाजीला नाक्यावर आल्यावर कळलं. मग तो थिएटरात शिरला तो कायमचाच.

थिएटरातही तोंडाचं काम होतंच. फिल्मच्या एका बाजूला चित्राचा मसाला असतो. तुटलेली फिल्म जोडताना तो खरवडून सोल्युशन लावलं तरच जोड धरतो. मसाल्याची बाजू ओळखायची जुनी रीत म्हणजे फिल्म ओल्या ओठांना लावायची. चिकटली ती बाजू मसाल्याची. दोन वर्षांपूर्वी मागच्या लहान हॉलसाठी राजाराम परब आला, मालवणचा, संपानंतर साच्यावरून कमी झालेला. त्याला ही रीत बुधाजीनेच शिकवली. पण राजाराम समोर असला की हा स्वतः मात्र अंगठा ओला करून चाचपायचा. राजाराम कधी एका शब्दाने वाकडं बोलला नव्हता. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. गेल्या दसऱ्याला बुधाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, त्याच्या बायकोने, बकुळेने, घरातले देव समुद्रात सोडले, आणि हा अंगठा मात्र तसाच राहिला. बुधाजीचा राग येतो तो इथेच.

सत्तावन्नचा जानेवारी होता. आदल्या वर्षी संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या खाल्लेल्यांच्या घरच्यांना मदत म्हणून कार्यकर्त्यांनी रविवारी सकाळचा खेळ ठेवला. पुढच्या हॉलमध्ये पुरुष, मागच्यात बायका-मुलं, दोन्ही हॉल गच्च. आणि वितरकाने दोनऐवजी एकच प्रिंट पाठवली. फाटकाबाहेर पोलिसांची गाडी येऊन थांबलेली. गिरणगावात तेव्हा चार माणसं मोठ्याने बोलली तरी लाठी उठायची. खेळ बंद पडला तर आरडाओरडा होणार, पोलीस आत घुसणार, आणि मागच्या हॉलच्या एकुलत्या एका अरुंद दारात बायका-मुलं चिरडणार. त्या बायकांत बकुळा होती, मांडीवर त्यांची सहा महिन्यांची नलू.

दोन्ही केबिनींच्या मध्ये एकच भिंत होती आणि तिच्यात तारांसाठी पाडलेलं वीतभर भोक. बुधाजीने तोड काढली. त्याच्या मशिनीतून निघालेली फिल्म गुंडाळायचीच नाही, भोकातून सरळ राजारामच्या मशिनीत सोडायची. राजारामने ओळखीने गिरणीतल्या रिकाम्या बॉबिनी आणल्या आणि फिल्म सरकायला भिंतीवर फिरत्या ठोकल्या. रिळं तपासताना पाचव्या रिळात एक जोड सुटलेला सापडला. राजाराम खांद्याशी उभा होता. बुधाजीने अंगठा ओला केला, चाचपलं, खरवडलं, जोडलं.

खेळ सुरू झाला. पुढे हशा पिकला की वीस सेकंदांनी तोच हशा मागून यायचा. पण दोन मशिनी एका चालीने थोड्याच चालतात? मागची जोरात ओढू लागली की फिल्म ताणायची, मंदावली की भिंतीपाशी ढीग पडायचा. दोघे भोकातून एकमेकांना सांगत होते, ढील दे, ओढ, ढील दे. चार रिळं अशी गेली. बुधाजीचा सदरा पाठीला चिकटला होता.

पाचव्या रिळात अचानक वीज मंदावली. बुधाजीची मशीन सुस्तावली, राजारामची दुसऱ्या लाइनवर होती, ती नाही. फिल्म ताणली आणि भोकाच्या अलीकडे सुटली. बुधाजीने टोक उचललं. फिल्म फाटली नव्हती, सकाळचाच जोड उकलला होता. बाजू चुकली होती, त्याच्या अंगठ्याने.

मागचा हॉल अंधारला. आधी शिट्ट्या आल्या, मग पाय आपटण्याचा आवाज, मग एक लहान मूल रडू लागलं. नलूच असणार असं त्याला वाटलं. बाहेर फाटकावर कोणीतरी पोलिसाची शिट्टी फुंकली. मशीन थांबवली तर पुढचा हॉलही उठणार होता. म्हणून त्याने ती चालूच ठेवली. फिल्म त्याच्या पायांशी साचू लागली. खराब टोक त्याने कापून टाकलं. बोटं तेलाने माखलेली. भोकातून राजाराम पाहत होता.

बुधाजीने टोक ओठांना लावलं. उलटून पुन्हा लावलं. ते चिकटलं. मग ओलं टोक त्याने भोकातून पलीकडे दिलं.

"मसाला वर," तो म्हणाला. "तोंडाने बघितलाय मी."

राजारामने टोक धरलं. स्वतः पाहिल्याशिवाय खरवडायचं नाही, हेही बुधाजीनेच त्याला शिकवलं होतं. अंगठ्याने चाचपता आलं असतं, निदान टोक सदऱ्याच्या बाहीला पुसता आलं असतं. राजारामने ते न पुसता ओठांत धरलं, मान डोलावली आणि आपल्या मशिनीतल्या टोकाला जोडण्यासाठी खरवडायला घेतलं. मिनिटभरात मागचा पडदा उजळला. पाय आपटणं थांबलं, रडणंही थांबलं. बुधाजी जमिनीवरचा ढीग हाताने भोकाकडे सोडत राहिला.

रीळ संपल्यावर दोन्ही हॉलमध्ये दिवे लागले. राजाराम भोकाशी आला.

"दादा, सकाळी तुमी आंगठो लावलास, तेव्हाच माका बोलूक व्हया होता."

बुधाजीचे डोळे भरून आले होते आणि पुसावेत तर हात तेलकट. त्याने सहावं रीळ काढलं. रिळाच्या तोंडाशीच एक जुना जोड होता, तो त्याने कापला. मग राजाराम पाहत असताना ते टोक सावकाश ओठांना लावलं.