लाखीचा तोबरा

भवानी पेठेत त्या काळी नव्या सुनांना संसार शिकवायचा झाला की सासवा सोजरबाईचं नाव घेत. सोजरबाईकडे बघ, एक काडी वाया जाऊ देत नाही. सोजरबाईकडे बघ, शिलेदाराचं घर असून वाण्याच्या दारात कधी तोंड वेंगाडलं नाही. यातलं काही खोटं नव्हतं. तरी मला या कौतुकाचा संताप येतो, आणि का येतो ते सांगण्यासाठीच ही हकीकत लिहायला घेतली आहे.

सोजरबाईचा नवरा जयसिंग पेशव्यांच्या फौजेत शिलेदार होता. शिलेदार म्हणजे स्वतःच्या घोड्यावर बसून चाकरी करणारा. घोडा सरकारचा असला तर तो बारगीर. बारगिराला पगार कमी आणि मान त्याहून कमी. दोघांत फरक काय तो एका जनावराचा. दरसाल दसऱ्याच्या आधी घोड्यांची हजिरी होई. सरकारी कारकून प्रत्येक घोड्याभोवती फिरे, दात बघे, बरगड्यांवर हात फिरवी. घोडा उतरलेला दिसला तर तो बाद, आणि कालचा शिलेदार आज बारगीर. जयसिंगाच्या दारात एक घोडी होती. रंगाने लाखी, म्हणून नावही लाखी. सगळं घर तिच्या चार पायांवर उभं होतं.

सोजरबाईला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिचा बापही शिलेदारच. ती परकरात होती तेव्हा ऐन पावसाळ्यात बापाचा घोडा पोटशूळाने मेला. बाप बारगीर झाला, मग कुणाच्या तरी पागेत लीद उपसणारा झाला. आई लोकांच्या घरी दळायला जाऊ लागली आणि तिथलं उरलंसुरलं पदराखाली झाकून आणू लागली. ते उष्टं खाताना सोजरने मनाशी जे ठरवलं ते जन्मभर पाळलं. माणसं भीतीने शहाणी होतात असं म्हणावं तर सोजरबाई शहाणी झाली होती. दगड झाली होती असंही म्हणता येईल.

तिच्या लेखी खर्च दोनच प्रकारचे होते. घोडीच्या अंगी लागणारा, आणि उगाच. घोडीचे हरभरे, कुळीथ, कडबा, नाल हा खर्च गरजेचा. दिव्याचं तेल उगाच, अंधार पडला की निजावं. डोक्याला तेल उगाच. दुसरं लुगडं उगाच, धुतलेलं वाळेपर्यंत घोंगडी पांघरून बसता येतं. जयसिंगाची तंबाखू उगाच. त्याचं पागोटं तेवढं गरजेचं, कारण ते घोडीवर बसल्यावर लोकांना दिसतं. रोज सकाळी घोडीच्या तोंडाला चंदीचा तोबरा, म्हणजे दाण्याची पिशवी, बांधल्याशिवाय घरात तवा चढत नसे. घोडीसाठी कुळीथ शिजत. दाणे घोडीला जात आणि ते शिजवून उरलेलं पाणी मीठ घालून घरची माणसं भाकरीबरोबर खात. पेठेतल्या बायकांना या कुळथाच्या पाण्याचंच फार कौतुक होतं.

आषाढात त्यांची एकुलती एक लेक मैना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर वाघोलीला, शेतीवाडीचं खातंपितं घर. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं ही रीत, तिच्यापुढे सोजरबाईचा इलाज नव्हता. मैनेच्या सासूने बैलगाडीत मोठं गाडगं भरून तूप, गुळाची ढेप, डिंक, मेथी, सुंठ असं सगळं बांधून दिलं होतं. विहीणबाईंना मैनेच्या माहेरची तऱ्हा ठाऊक असणार. सोजरबाईने सगळं सामान उतरवून घेतलं, ओळीने फडताळात लावलं आणि फडताळाची किल्ली कमरेला खोचली.

"तुझ्याचसाठी ठेवलंय," ती मैनेला म्हणाली. तेव्हा ते खरंही असेल.

त्या वर्षी पाऊस लागला तो थांबेना. कडबा भिजला, काळा पडला. घोडी खोकू लागली आणि तिच्या पुठ्ठ्यांची हाडं वर आली. शेजारचा रहीम नालबंद नाल ठोकायला आला, त्याने घोडीच्या पाठीवर हात ठेवला आणि जयसिंगाकडे पाहिलं.

"काय ते बोला, रहीमभाई," सोजरबाई म्हणाली.

"अशीच राहिली तर हजिरीत टिकायची नाही. मसाला सुरू करा. गूळ, तूप, मेथी, सुंठ, जमला तर डिंक. रोज एक गोळा."

घोड्यांना मसाल्याचे गोळे घालायची चाल तेव्हा सर्रास होती. आता त्या गोळ्यात काय पडतं ते पुन्हा एकदा वाचा, आणि बाळंतिणीच्या लाडवात काय पडतं ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. सोजरबाईला विचारावं लागलं नाही. तिने कमरेची किल्ली काढली.

गणपती उठले आणि मैना बाळंत झाली. मुलगी झाली. सुईण म्हणाली, पोरीचं रक्त फार गेलंय, शेक चुकवू नका आणि तूप हात राखून घालू नका. सोजरबाईने मान डोलावली. शेकाला चार दिवस कोळसा आला, मग सरपणाच्या भावाचं निमित्त होऊन बंद झाला. लाडू पाचवीच्या पूजेपुरते वळले. त्यानंतर बाजेवर मैनेला येई ती भाकरी आणि वाटीभर कुळथाचं पाणी.

बाळंतिणीची खोली आणि घोडीचा गोठा यांच्यामध्ये एक कुडाची भिंत होती. रोज सकाळी सोजरबाई गोठ्यात बसून तुपात गूळ विरघळवी, त्यात मेथी-सुंठ टाकून गोळा वळी. तो वास कुडातून सरळ बाजेवर येई. सुंठ कुणाच्या लाडवात पडते आहे हे मैनेला पहिल्या दिवशीच कळलं. ती पंधरा-सोळा वर्षांची पोर, लाजून गप्प राहिली. पुढे दूध आटायला लागलं, मूल रडून रडून निळं पडायला लागलं, तेव्हा लाज सुटली.

"आई, त्यातलं अर्धं मला दे ना," ती म्हणाली.

"दसरा होऊ दे. हजिरी पार पडली की वर्षाचा पगार हातात येतो. मग तुला दोन महिने नुसते लाडूच घालते."

"दसऱ्याला मी असेन का गं?"

"असलं अभद्र बोलू नये. मी कुळथाच्या पाण्यावर तुला जन्म दिलाय. तुझी आजी तर दुसऱ्याच दिवशी जात्यावर बसली होती. तू वाघोलीला जाऊन नाजूक झालीस."

"माझ्या सासूबाईंनी दिलंय ते तूप."

"हो ना. आणि उद्या तुझा बाप बारगीर झाला तर त्याच सासूबाई तुला लीद उपसणाऱ्याची लेक म्हणतील. ते ऐकायचंय?"

आईचं बोलणं नेहमीच असं असे, त्यात कुठे बोट शिरत नसे.

जयसिंगाला दिसत नव्हतं असं नाही. रणात तो हिमतीचा होता म्हणतात. घरात मात्र त्याची हिंमत खरारा करण्यापुरती होती. एकदा घोडीला चोळता चोळता तो म्हणाला, "ऐकलं का, मैना फार उतरलीय. थोडं तूप तिकडे..."

"बारगीर व्हायला तयार आहात का? तसं सांगा, आत्ता लाडू वळते," सोजरबाई म्हणाली.

जयसिंग खरारा करत राहिला. पुढे त्याने विचारलं नाही. याला मी साधेपणा म्हणणार नाही. उत्तर त्याला सोयीचं होतं.

मैनेला ताप येऊ लागला. रहीमची बायको जुबेदा रोज बाळाला बघायला यायची. तिने एक दिवस शेळीचं दूध आणलं, लोटाभर, आणि म्हणाली, "सोजरबाई, हे मैनेला द्या. मी रोज आणीन. पैसे नकोत."

पैसे नकोत म्हटल्यावर सोजरबाईचा चेहरा उजळला. तिने दूध तापवलं, मैनेला वाटीभर पाजलं, आणि उरलेलं घोडीच्या पिठात कालवलं. जुबेदाने ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती दूध स्वतःच बाजेपाशी नेऊन पाजू लागली, पण तिची शेळी तरी किती देणार. वैद्याला बोलवा म्हणून तिने दोनदा सांगितलं. सोजरबाई म्हणाली, बाळंतिणीला ताप येतोच, त्याला वैद्य लावायचा म्हणजे उगाच.

इकडे लाखी मात्र भरली. पुठ्ठे गोल झाले, मान वर आली, अंगावर तकाकी आली. रहीमने शेवटचे नाल ठोकले आणि म्हणाला, आता कारकुनाच्या बापाची छाती नाही हिला बाद करायची. त्या दिवशी सोजरबाई बऱ्याच दिवसांनी हसली. गाडग्यातलं तूप तळाला लागलं होतं.

हजिरीच्या दिवशी पहाटे ती बाळंतिणीच्या खोलीत गेली. मूल रडत होतं आणि मैना त्याला घेत नव्हती. सोजरबाईने लेकीच्या कपाळाला हात लावला. ताप उतरला होता. मग तिने हात छातीवर ठेवला, नाकाशी धरला, आणि तशीच खाली बसली.

ती रडली. हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. पदर तोंडात कोंबून, आवाज बाहेर जाऊ न देता ती आई रडली. आणि रडता रडताच तिच्या डोक्यात पुढचं आलं. घरात सुतक पडलं. नवऱ्याला कळलं की तो लेकीपाशी बसेल, घोडी गोठ्यातच राहील. हजिरीला न आलेला घोडा बादच. तिने मैनेचे डोळे मिटले, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं, मुलीला उचललं आणि मागच्या दाराने जुबेदाकडे गेली.

"हिला घ्या जरा. रडते, हिच्या आजोबांना त्रास होतो."

जुबेदाने मूल घेतलं आणि सोजरबाईचे डोळे पाहिले. "मैना?"

"ते दुपारी परत आले की सांगेन."

"या अल्ला. आत्ता सांगा त्यांना. बाप आहे तो."

"घोडी बाद झाली तर रहीमभाईंची वर्षाची नालबंदीची मजुरी कोण देणार?" सोजरबाईने विचारलं.

जुबेदा गप्प राहिली. तिच्या घरीही खाणारी तोंडं होती. त्या गप्प राहण्याचं तिला पुढे आयुष्यभर वाईट वाटलं म्हणतात. वाटायलाच हवं होतं.

सोजरबाई परतली. तिने घोडीच्या अंगाला तेलाचा हात लावला, आयाळ विंचरली, पागोट्याचा पीळ नीट करून दिला. निघता निघता जयसिंग खोलीच्या दारापाशी थांबला. मैनेला सांगून जातो म्हणाला.

"आत्ताच डोळा लागलाय. उठवू नका."

गारपिराच्या माळावरच्या हजिरीत त्या दिवशी कित्येक घोडे बाद झाले. पावसाने सगळ्यांचेच हाल केले होते. लाखीपाशी कारकून आला, बरगड्या शोधू लागला, त्याला त्या सापडेनात. "तुम्ही हिला काय घालता, शिलेदार?" त्याने विचारलं. आसपासचे हसले, जयसिंगही हसला. लाखी पहिल्या प्रतीची म्हणून लिहिली गेली. पगार चार दिवसांनी मिळायचा होता, पण बातमी बाजारात आधीच पोचते. शनिवारवाड्यासमोरच्या बाजारात वाण्याने त्याला आपणहून हाक मारली आणि उधारीवर तुपाचं गाडगं दिलं. लग्नानंतर बायकोला न विचारता जयसिंगाने केलेला हा पहिला खर्च.

तो दारात उतरला तेव्हा सोजरबाई उंबऱ्यातच उभी होती.

"पार पडली," तो म्हणाला. "आता मैनेला लाडू कर. हे बघ, तूपही आणलंय."

"मैना गेली."

त्याला आधी वाटलं, वाघोलीला गेली. मग बायकोच्या तोंडाकडे पाहून कळलं.

"कधी?"

"पहाटे."

"मी निघायच्या आधी?"

"सांगितलं असतं तर गेला असतात का?"

सोजरबाईने त्याच्या हातातलं तुपाचं गाडगं काढून घेतलं, सांडेल म्हणून. ते फडताळात ठेवलं आणि किल्ली फिरवली. तो आत गेला, बाजेपाशी बसला, लेकीचे पाय हातात धरून कितीतरी वेळ रडला. एवढे हलके पाय त्याने कधी धरले नव्हते. शेजारणी जमल्या, कुणी पाणी तापवायला ठेवलं. जुबेदा मुलीला पोटाशी धरून अंगणाच्या कडेला उभी राहिली.

मग कुणीतरी म्हणालं की वाघोलीला कळवायला हवं, नवरा आणि सासू आल्याशिवाय उचलता यायचं नाही. जयसिंग उठला, डोळे पुसले आणि गोठ्याकडे गेला. त्याने लाखीवर खोगीर घातलं, पोटाखालचा तंग आवळला.

सोजरबाई मागून आली. "घोडी सकाळपासून उन्हात उभी होती," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आज परत एवढी मजल मारलीत तर तिचे पाय भरून येतील. पगार हातात यायचाय अजून."

अंगणात जमलेली माणसं त्याच्याकडे बघत होती. जयसिंगाने तंग सैल केला. मग त्याने खोगीर उतरवलं, खुंटीला अडकवलं आणि तो वाघोलीला पायी निघाला.