दादाचं शेवटचं प्यादं

भावाला एकदा हरवायचं, एवढ्यासाठी मी म्हातारपणी मोबाईलवर बुद्धिबळ खेळायला लागले. लोक सांगतात, त्यानं डोकं तरतरीत राहतं, विसराळूपणा येत नाही, वेळ बरा जातो. जात असेल. मला वेळ घालवायचा नव्हता. सत्तरी ओलांडल्यावर एक दिवस मेथी निवडता निवडता माझ्या ध्यानात आलं की दादाशी मी लहानपणापासून खेळत आले आणि एकही डाव जिंकले नाही. आता एक तर तो आधी जाणार, नाही तर मी, आणि जो मागं राहील तो लोकांना सांगत बसणार. तो राहिला तर काय सांगेल, ते मला पाठ होतं.

माहेर सांगलीचं. आमच्या आळीत संध्याकाळी ओट्यांवर पट मांडलेले असायचे आणि आमचे वडील, आबा, त्यातले दर्दी. खेळ जुना, देशी. प्यादं एकेक घरच चालायचं, घाई कुणाला नसायची, आणि हरवायचीसुद्धा एक रीत होती. समोरच्याची सगळी मोहरी मारली आणि त्याचा राजा एकटा उरला, की त्याला बुर्जी म्हणायचे. बुर्जी झाली की डाव बरोबरीत सुटला, मग तुम्ही कितीही वरचढ असा. म्हणून समोरच्याचं शेवटचं मोहरं कुणी मारायचं नाही. ते त्याच्यापाशी राहू द्यायचं आणि ते असताना मात द्यायची. आपल्या प्याद्यानं मात दिली तर ती सगळ्यात मानाची. आबा म्हणायचे, उघड्या राजाला मारायला काय अक्कल लागती. ताटाला नमस्कार केल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हे जसं अंगात मुरतं ना, तसं आमच्या अंगात हे मुरलेलं.

मला खेळ शिकवला दादानं. प्रेमानं शिकवला असं नाही, त्याला हरवायला माणूस पाहिजे होतं. बाहेरच्या पोरांकडून मार खाऊन यायचा आणि घरी मला बसवायचा. माझी सगळी फौज कापून काढायचा, एक प्यादं तेवढं शिल्लक ठेवायचा, आणि मग आपलं प्यादं सरकवत सरकवत माझ्या राजाला कोपऱ्यात नेऊन मात द्यायचा. द्यायच्या आधी शेजाऱ्यांना हाका मारायचा, या बघायला. डाव संपला की माझा राजा खिशात घालून हिंडायचा. मागितला तर म्हणायचा, "राजा पायजे व्हय? मग तांब्या भरून आण." मी आणायची. त्याच तांब्यातलं पाणी पिऊन तो राजा द्यायचा आणि पुन्हा मांडायला लावायचा.

लग्न होऊन उंब्रजला आले तेव्हा वाटलं, सुटले. कुठली सुटतीय. दिवाळीला माहेरी गेलं की ओवाळणं व्हायच्या आधी पट निघायचा. आमचे हे पलटणीतले, त्यांना हा खेळ आळशी माणसांचा वाटायचा. ते गेले, मुलगा पुण्यात नोकरीला लागला, घरात मी आणि सून. सुनेचं हायवेच्या अंगाला ब्यूटी पार्लर आहे. दुपारचं तिथं कुणी फिरकत नाही, म्हणून मी तिथं जाऊन बसायची आणि मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळायची. दोघांना मिळून सहा मिनिटं, ज्याची आधी संपली तो हरला. तेवढ्यात आमच्या आबांची पहिली तंबाखू मळून होत नसे.

आणि मी खेळताना बोलते. मला गप्प राहून काही करता येत नाही. "ये बाबा, ये, घोडा घेऊन कुठं निघालास, आई रागवंल," असं आपलं चालू. सून एक दिवस म्हणाली, "आई, तुम्ही खेळताना दाखवू या का लोकांना?" तिनं गिऱ्हाइकांच्या मेकपचा गोल दिवा माझ्या तोंडावर लावला, मोबाईल काठीला अडकवला आणि झालं, मी लाईव्ह. पहिले काही दिवस तिच्या मैत्रिणी बघायच्या. मग कोण कुठली माणसं यायला लागली.

ती कशासाठी येतात ते मला लवकरच कळलं. पहिल्यांदा ते एका डावात झालं. माझ्याकडं हत्ती होता, दोन प्यादी होती, समोरच्याकडं राजा आणि एक प्यादं. ते प्यादं मारायचं सोडून मी माझं प्यादं मात द्यायला पुढं काढायला लागले. त्याचं प्यादं चालत चालत टोकाला गेलं, त्याचा वजीर झाला आणि त्या वजिरानं मला धुवून काढलं. लोकांना वाटलं म्हातारीला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा. खाली कमेंटी यायला लागल्या. सून मोठ्यानं वाचून दाखवायची, कारण मला खेळताना वाचता येत नाही. "आजी, चष्मा विकला का?" "आजी, प्यादं खा, दाताला लागणार नाही." एकानं लिहिलं, आजीची तिरडी बांधायला घ्या, डाव संपला. सून वाचता वाचता हसली आणि मग माझ्याकडं बघून थांबली. मी म्हटलं, "वाच की. तिरडीला बांबू कोण देणार ते विचार त्याला."

मी खेळले बरी तर बघणारे कमी व्हायचे. हे सुनेनं मला सरळ सांगितलं. "आई, रागावू नका, पण तुम्ही जिंकता तेव्हा माणसं निघून जातात. हरताना थांबतात." आणि वरती मथळा द्यायची, आजी आज प्यादं खाणार का? ती काही वाईट नाही. पार्लरची जाहिरात होत होती तिच्या.

दादा सगळ्यात आधी हजर असायचा. सांगलीत बसून बघायचा, कमेंट करायचा, आणि संपलं की फोन. "काय गं, झालं का रडून? तुला आबांनी रीत शिकवली, अक्कल द्यायची राहिली." त्याचं स्वतःचं कधीच आबांच्या रितीवर अडलेलं नव्हतं. तो क्लबात जायचा, नवे नियम शिकला होता, शेवटचं प्यादं खुशाल खायचा. रीत फक्त माझ्यासाठी होती. एकदा त्यानं कमेंटीत सगळ्यांसमोर लिहिलं की ही माझी बहीण, हिला मी डोळे मिटून हरवतो, कुणाला बघायचं असेल तर सांगा. लोकांनी उचललंच ते. आजोबांना बोलवा, आजोबांना बोलवा.

मी तेव्हा हो म्हटलं नाही. आधी मी बोट सुधारायला घेतलं. लाईव्ह नसताना, सकाळी भाकरी झाल्यावर, अनोळखी माणसांशी डाव लावायचे आणि शेवटचं प्यादं दिसलं की मारायचं. हसू नका, पण ताटाला नमस्कार न करता घास घेतल्यासारखं वाटायचं. बोट त्या घरावर जायचं आणि थांबायचं. मग मी तोंडानं म्हणायला लागले, "खा, सटवे, खा." हळूहळू जमायला लागलं. हत्तीनं राजाला कडेला रेटत कसं न्यायचं ते व्हिडिओ बघून शिकले. रेटिंग चढलं. पण लाईव्हवर मी काही दाखवलं नाही. तिथं अडखळतच राहिले.

मग वहिनीचा फोन आला. दादाला मिरजेला दाखवलं होतं. हात कापायला लागला होता, उजवा. "चहाचा कप धरवत न्हाई वन्सं," वहिनी म्हणाली. "मोबाईलवर एक दाबाय जात्यात आन दुसरंच दाबतंय. कुनाला सांगू नका म्हनलेत." मी म्हटलं, काळजी घ्या वैनी. फोन ठेवला, सुनेला हाक मारली आणि सांगितलं, "मामांना बोलव लाईव्हवर. तीन मिनिटांचा डाव."

दादा फोनवर म्हणाला, दहा मिनिटांचा ठेवू. मी म्हटलं, का रे, डोळे मिटून हरवणार होतास ना? मग म्हणाला, "व्हय. लाव तीनचा."

डाव रविवारी दुपारी लागला. सुनेनं पार्लर बंद ठेवलं आणि पडद्यावर दोन चौकोन केले, एकात मी, एकात दादा. तो टॅबवर खेळत होता आणि वहिनीनं मोबाईल समोर डब्याला टेकवून ठेवला होता. त्यानं पांढरा शर्ट घातला होता, दाढी केली होती, हनुवटीवर कापलेलं दिसत होतं. हात मांडीवर ठेवून बसला होता. कधी नव्हे इतकी माणसं बघत होती.

खेळ त्याचाच चांगला. ते मी आजही म्हणते. माझा उंट त्यानं असा काही फुकट काढला की मला कळलंच नाही तो गेला कुठं. पण प्रत्येक खेळीला त्याचं बोट पडद्यावर नाचायचं, मोहरं उचललं जायचं आणि परत जागेवर पडायचं, आणि तिकडं घड्याळ पळायचं. सून कमेंटी वाचत नव्हती. मीच म्हटलं, वाच. "आजोबा नाचतायत," तिनं वाचलं. "आजोबांना चार्जिंगला लावा." दादाला ऐकू जात होतं. त्यानं वर बघितलं नाही.

मी म्हटलं, "दादा, सावकाश रे, घाई कसली."

त्याचे हत्ती असेच गेले, चुकीच्या घरात बोट पडून. शेवटी माझ्याकडं राजा आणि हत्ती राहिला, त्याच्याकडं राजा आणि एक प्यादं. त्यानं ते प्यादं पुढं ढकललं, अगदी माझ्या हत्तीच्या तोंडासमोर. अजून एक घर आणि त्याचा वजीर. राखायला त्याचा राजा जवळपास नव्हता. त्यानं मुद्दाम ठेवलं होतं. इतके महिने तो मला बघत होता ना.

"खा," तो हसला. "खा की. आबांची लेक हाईस न्हवं? खाऊन दाव."

माझं बोट थांबलं. खरं सांगते, इतकं घोकूनही थांबलं. आणि मग मी खाल्लं.

त्याचं हसू गेलं नाही, तसंच तोंडावर राहिलं, विसरून राहिल्यासारखं. "बुर्जी," तो म्हणाला. "बुर्जी झाली. डाव बरोबरीत."

मला ठाऊक होतं तो हेच म्हणणार. मला मात देता येत होती, शिकले होते, थोड्या खेळ्यांचं काम होतं. पण उघड्या राजाला मात दिली असती तर तो मरेपर्यंत बरोबरी बरोबरी म्हणत राहिला असता आणि माझं मलाही तसंच वाटत राहिलं असतं. घड्याळाबद्दल मात्र आबांचा नियमच नव्हता. आबांच्या वेळी घड्याळ होतं कुठं. म्हणून मी मात दिली नाही. हत्ती इकडं, हत्ती तिकडं, शह, पुन्हा शह. प्रत्येक शहाला त्याला राजा हलवावा लागायचा आणि प्रत्येक वेळी त्याचं बोट ते घर शोधायचं. उजवा हात डाव्यानं धरून तो दाबायला लागला. वहिनी मागून म्हणाली, मी दाबू का. त्यानं तिला कोपरानं ढकललं. राजा अर्ध्या वाटेत उचललेला असतानाच त्याचा वेळ संपला.

खाली हसऱ्या तोंडांची नुसती धार लागली होती.

दादा म्हणाला, "शेवटचं प्यादं खाल्लंस. आबा असतं तर घरात घेतलं नसतं तुला."

मी म्हटलं, "घड्याळ बघ, दादा. कुणाचं संपलं ते बघ."

त्यानंतर तो लाईव्हवर आला नाही. टॅबवरचं खेळाचं ॲप वहिनीकडून काढून टाकवलं म्हणे. पण फोन करतो. आता टोमणे मारत नाही, एकच बोलतो. "सांगलीला ये. आबांचा पट काढून ठेवलाय. घड्याळ न्हाई, मोबाईल न्हाई. आबांच्या रितीनं एक डाव."

पटावर तो मला आजही हरवील. हात कितीही कापू दे, तिथं घाई नसते, आणि मोहरं वहिनीनं उचलून ठेवलं तरी चालतं. हे त्याला ठाऊक आहे आणि मलाही. उंब्रजहून सांगली काही लांब नाही, सकाळच्या एसटीत बसलं की दुपारच्या जेवणाला पोचते मी. पण मी गेले तर तो जिंकणार, आणि शेवटचा डाव त्याचा होणार. मग मी इतकं केलं ते कशाला?

परवा वहिनीचा फोन आला. "वन्सं, या की एकदा. रोज सकाळी पट मांडून बसत्यात. मला केर काढू देत न्हाईत तिथला. डॉक्टर म्हनलेत, आता हात सुधरायचा न्हाई."

मी म्हटलं, "वैनी, गुडघे लय दुखत्यात. एसटीची पायरी चढवत नाही."

"आवं, गेल्या आठवड्यात जोतिबाच्या पायऱ्या चढून आलासा न्हवं?"

"म्हणून तर दुखत्यात," मी म्हटलं.

पलीकडून दादा विचारत होता, काय म्हनती, येती का. वहिनीनं फोनवर हात ठेवून त्याला काहीतरी सांगितलं. मग तिनं फोन ठेवला. सून दिवा लावून वाट बघत होती. मी खुर्चीत बसले आणि तिला म्हटलं, "चल, लाव."