घाईची साक्ष

"रिपोर्ट आलाय. कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाल्या.

बेळगावातल्या दवाखान्याची ती लहानशी खोली होती. पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून डॉक्टरांनी माझ्या रिपोर्टवर स्टेपलर ठेवला होता आणि मी त्या स्टेपलरकडेच बघत बसले होते. रिपोर्टवर 'इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा' असं लिहिलं होतं. म्हणजे स्तनातल्या दुधाच्या नळीत सुरू झालेला आणि नळीची भिंत ओलांडून बाहेर पडलेला कॅन्सर. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. त्यांचं मराठी कानडी वळणाचं, पण शब्द अगदी स्वच्छ.

"बाई, हे बरं होणारं आहे. पण आता वेळ घालवायचा नाही. गाठ हाताला कधी लागली?"

"पंधरा दिवस झाले," मी म्हणाले.

साडेपाच महिने झाले होते. शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्यानं, सामुएलनं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सव्वीस वर्षं मी शाळेत शिकवलं. खोटं बोलणाऱ्या पोरींना बाकावर उभं केलं आणि इथं खुर्चीत बसून सरळ थाप मारली.

मरणाचा विचार नंतर आला. आधी मनात आलं, रविवारी चर्चमध्ये तोंड कसं दाखवू? कारण प्रभूनं मला बरं केलं, असं त्याच चर्चमध्ये उभं राहून मी सगळ्यांना सांगून बसले होते.

हे सगळं मी लिहितेय ते आज हाताला गाठ लागलेल्या आणि ती पदराखाली झाकून घरकाम करत राहिलेल्या बाईसाठी. तेव्हा काही लपवून चालणार नाही.

गाठ लागली ती आंघोळ करताना. हरभऱ्याएवढी, न दुखणारी. निपाणीतल्या आमच्या डॉक्टरांनी तपासलं आणि बेळगावला जाऊन बायोप्सी करा म्हणाले. बायोप्सी म्हणजे सुईनं गाठीचा बारीक तुकडा काढून तो तपासणं. मी हो म्हणाले, चिठ्ठी पर्समध्ये घातली आणि भाजी घेऊन घरी आले.

माझी आई याच दुखण्यानं गेली. मी तेव्हा नववीत होते. तिनं फार उशिरा दाखवलं, ऑपरेशन झालं आणि तीन आठवड्यांत ती गेली. घरातल्यांनी अर्थ काढला की सुरी लागली म्हणून गेली. तो अर्थ माझ्या डोक्यात इतका घट्ट बसला होता की शिकलेली असूनही तो खोडावा असं मला कधी वाटलं नाही.

मग मी प्रार्थनेकडे वळले. यात चूक काही नव्हती. आमच्या गल्लीत दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला माणसं जमतात. तिथं मी आजार सांगितला. सगळ्यांनी हात ठेवून, डोळे भरून प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी हात लावला तर गाठ लहान वाटली. वाटली म्हणजे मला तशी ती वाटायला हवी होती.

आमच्याकडे बरं झालेला माणूस रविवारी उपासनेत उभा राहून साक्ष देतो. देवानं माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतो. मी घाई केली. बायोप्सी नाही, सोनोग्राफी नाही, सरळ पुढं जाऊन उभी राहिले. शिकवायची सवय, त्यामुळे बोललेही झकास. बायका रडल्या. उपासनेनंतर मी सगळ्यांना शिरा वाटला. एकदा शिरा वाटल्यावर गाठ आहे म्हणायची सोय उरली नाही.

आता कळतं, ती साक्ष मी विश्वासानं दिलीच नव्हती. भीतीनं दिली होती. सगळ्यांसमोर बोलून टाकलं की सुरीखाली जावं लागणार नाही, असा तो हिशेब होता.

गाठ मात्र साक्ष ऐकायला आली नव्हती. ती वाढत राहिली. साडेपाच महिन्यांनी वरची कातडी आत ओढल्यासारखी दिसायला लागली, तेव्हा सामुएल मला जवळजवळ ओढतच बेळगावला घेऊन गेला.

रिपोर्ट घेऊन परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दारात रूथ उभी. रूथ माझी जुनी विद्यार्थिनी. आता पस्तिशीची, घरी विड्या वळते, दोन लेकरं. आमच्याच चर्चची.

"सलाम बाई," ती म्हणाली. मग आत येऊन, दार ओढून, अगदी हळू आवाजात सांगायला लागली. "मला बी तुमच्यावानीच गाठ हाय. चार म्हैनं झालं. डाक्टरनी बेळगावला जा म्हणून सांगितलंतं. पन तुमी साक्ष दिलीसा न्हवं, तवापास्नं मी बी निस्ती प्रार्थनाच करतीया. तुमच्या हातानं एकडाव प्रार्थना करा बाई."

तिला तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. मी काय केलं? तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, चहा पाजला आणि घरी पाठवलं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सामुएल एसटी डेपोत मेकॅनिक होता, आता निवृत्त आहे. बोलणं कमीच. तो परसात सायकल पुसत होता. मी त्याला रूथचं सांगितलं. त्यानं फडकं खाली ठेवलं.

"अगं, इंजिनात आवाज यायला लागला की आमी बी प्रार्थना करायचो. पन मग बॉनेट उघडायचो. निस्ती प्रार्थना करून गाडी लाइनीवर सोडली, तर मागं बसलेली मानसं मरत्यात."

मागं बसलेली रूथ होती. ती माझ्या भरवशावर बसली होती.

त्याच संध्याकाळी मी आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांच्याकडे गेले. वाटलं होतं ते रागावतील. ते रागावले नाहीत, पण सोडलंही नाही. "बाई, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री प्रभू गेथशेमाने बागेत होता तेव्हा त्याला घाम फुटला होता. माझ्यासोबत जागे राहा, असं तो शिष्यांना म्हणाला. भ्याला होता तो. भ्याला हे त्यानं झाकलं नाही, म्हणून तर आज आपल्याला माहीत आहे. तुम्ही भ्यालात यात पाप नाही. झाकलंत मात्र फार." मग म्हणाले, "रविवारी बोलणार का?"

मी हो म्हणाले. रविवारपर्यंतच्या तीन दिवसांत ते 'हो' मागं घ्यायला मी चार वेळा फोन हातात घेतला.

रविवारी पुढं जाऊन उभी राहिले. या वेळी झकास वगैरे काही जमलं नाही. मी म्हणाले, "मी साक्ष दिली ती घाईची होती. तपासणी केली नव्हती. मला कॅन्सर आहे. मी भ्याले होते आणि देवाच्या नावाआड लपले. माझं ऐकून कुणी दवाखाना सोडला असेल, तर त्यानं उद्याच जावं. मी हात जोडते."

कुणीच आमेन म्हटलं नाही. मागच्या बाकावरून रूथ उठली आणि तडक बाहेर गेली. मी तिच्यामागं पळत गेले. फाटकाजवळ ती थांबली. "बाई, लहानपणापास्नं तुमी सांगितलेलं समदं खरं मानलं. तुमीच खोटं बोलल्यावर आता मी कुनाचं ऐकू? डाक्टरचं बी न्हाय ऐकनार जावा."

ती गेली. नंतर दार उघडेना, फोनही उचलेना.

माझं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात झालं. मास्टेक्टॉमी, म्हणजे एका बाजूचा स्तन पूर्ण काढणं, आणि काखेतल्या गाठीही काढून तपासणं. स्ट्रेचरवर झोपवून नेताना आईची आठवण आली आणि दातावर दात वाजायला लागले. आयुष्यभर मी पुस्तकी भाषेत, सजवून प्रार्थना केली. त्या दिवशी एवढंच तोंडातून आलं, "प्रभू, मी लई भ्यालीया. तू संगट चल."

आणि तो आला. याहून वेगळं मला सांगता येत नाही. भीती गेली नाही, पण मी एकटी राहिले नाही. दात वाजायचे थांबले. नर्सनं विचारलं, "कसं वाटतंय?" मी म्हणाले, "भीती वाटतेय, पण चला." ती हसली आणि माझा हात धरून आत आली. आईला जिथं नेलं म्हणून मी पस्तीस वर्षं घाबरले, त्या दारातून मी शुद्धीत आणि शांतपणे आत गेले.

जाग आली तेव्हा पट्टी होती, वेदना होत्या आणि मी जिवंत होते. सुरी लागूनही जिवंत होते. इतका आनंद झाला की सलाइन लावलेला हात वर करून मी सामुएलला हाक मारली आणि नर्सकडून बोलणी खाल्ली.

काखेतल्या दोन गाठींत कॅन्सर निघाला, म्हणून केमोथेरपी. शिरेतून औषध देऊन शरीरात कुठं उरल्यासुरल्या पेशी असतील तर त्या मारायच्या. दर तीन आठवड्यांनी एक, अशा सहा. पहिल्या केमोनंतर केस गेले. तोंडाची चव गेली. जन्मापासून नाकात बसलेला निपाणीच्या तंबाखूचा वास सोसवेना, सामुएल दिवसभर खिडक्या लावून बसायचा. केमोच्या हॉलमध्ये आमची एक टोळीच जमली. कुणी बेळगुंदीची, कुणी खानापूरकडची. मी तिथं शिक्षिकाच होते, कोण किती पाणी प्यायलं याची हजेरी घ्यायची. माझ्यासाठी चर्चमधल्या बायकांनी डब्यांच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या. त्या रविवारी आमेन न म्हणणाऱ्या त्याच बायका.

मनातून रूथ मात्र हलत नव्हती. मी बरी झाले आणि ती गेली, तर या बरं होण्याला मी काय म्हणणार होते?

तिसऱ्या केमोनंतर जरा ताकद आली तशी मी रिक्षा करून तिच्या घरी गेले. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मला बघून उठली नाही. त्या वासानं मला मळमळायला लागलं, तरी मी तिच्यापुढं जमिनीवर बसले. प्रभू मरणातून उठला यावर त्याच्या शिष्याचा, थोमाचा, विश्वास बसेना, तेव्हा प्रभूनं त्याला समजावत बसण्यापेक्षा आपल्या जखमा दाखवल्या होत्या. माझ्याकडे तरी दुसरं काय होतं?

मी डोक्याचा स्कार्फ काढला. मग दार लोटलं आणि ब्लाउजची बटणं सोडली. तोवर हा व्रण मी नवऱ्यालाही नीट पाहू दिला नव्हता.

रूथचे हात थांबले. मग पानाच्या शिरांनी खरबरीत झालेलं बोट तिनं अगदी हलकं त्या व्रणावरून फिरवलं.

"दुकतंय?"

"आता न्हाय."

"भ्या वाटलं न्हाय?"

"लई वाटलं," मी म्हणाले. "भीत भीतच गेलते."

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि हुंदके देऊन रडायला लागली. मीही रडले. शेवटी पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "बाई, तुमी संगं येनार असशीला तर येते."

बुधवारी आम्ही तिघं बेळगावला गेलो. बसमध्ये सामुएल पुढं बसला, आम्ही दोघी मागं. मॅमोग्राफी झाली. स्तनाचा एक्स-रे असतो तो, दोन पट्ट्यांत दाबून घेतात, क्षणभर दुखतं. बायोप्सी झाली. आठवड्यानं रिपोर्ट आला, रूथलाही कॅन्सरच निघाला. रिपोर्ट तिनं माझ्या हातात दिला आणि विचारलं, "मग कंदी कापायचं?" मी साडेपाच महिने जे विचारलं नाही, ते तिनं साडेपाच मिनिटांत विचारलं.

तिच्या ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर मी होते, डोक्याला स्कार्फ, हातावर केमोच्या सुयांचे काळे डाग. तिचा नवरा लेकरांपाशी घरी थांबला होता. दार उघडायचं, कुणीतरी यायचं, ते दुसऱ्याच कुणासाठी असायचं. मी प्रार्थना करत होते. देवाला काही शब्द देत नव्हते, काही कबूल करून घेत नव्हते. नुसती रूथचं नाव घेत होते.

अखेर डॉक्टर बाहेर आल्या. तोंडावरचा मास्क खाली केला.

"सगळा स्तन काढावा नाही लागला. गाठ लहान होती, तेवढीच काढली. काखेत पसरलेलं नाही. पुढचं औषध घ्यावं लागेल, पण बाई, अगदी वेळेत आणलंत तुम्ही हिला."

मी उभी राहायला गेले आणि परत खाली बसले. मग असा काही हुंदका फुटला की अख्खा व्हरांडा माझ्याकडे वळला. शेजारच्या बाकावरची एक म्हातारी लगबगीनं उठून आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नगं गं बाय. गेलं का तुजं मानूस?"

"न्हाय वो आक्का," मी म्हणाले. "वाचलं."