ताईंच्या खोलीवरचा शास्त्रपाठ

इस्पितळाच्या धुलाईघरात ताई एकोणीस वर्षं चादरींना इस्त्री करत होत्या. यंत्रांच्या खडखडाटात तिथे गप्पा होत नसत; काही हवं असलं तर हाताने खूण करायची, नाहीतर बेंबीच्या देठापासून ओरडायचं. घरी आल्यावर ओरडायलाही कुणी नव्हतं. आई गेल्यापासून दीड वर्षात त्यांच्या खोलीत बाहेरचं माणूस आलं ते फक्त नळ दुरुस्त करायला.

दर गुरुवारी चर्चच्या मंडळीतली काही माणसं मिळून बायबल वाचत; हा शास्त्रपाठ म्हातारे कंपाउंडरकाका घेत. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते लेकीकडे गेले, तेव्हा पाळकसाहेबांनी रविवारच्या उपासनेनंतर ताईंना दारातच गाठलं. "काका येईपर्यंत तुम्ही घ्या. तुमच्याच खोलीवर."

"मी? साहेब, चार माणसांत बोलायची मला सवय नाही हो."

"चार कुठे, पाच येतात," असं म्हणून हसत ते पुढच्या माणसाकडे वळले.

ताईंनी हो म्हटलं नव्हतं, पण नाही म्हणायचंही राहून गेलं. मग त्यांनी बायबलमधली कुंडाकाठच्या आजाऱ्याची गोष्ट निवडली. पाणी हललं की पहिला उतरेल तो बरा होतो अशा कुंडाकाठी अडतीस वर्षं पडून असलेला माणूस. बरं व्हायचंय का, असं येशूने विचारल्यावर तो सांगतो, मला पाण्यात उतरवायला कुणी नाही. धुलाईच्या चिठ्ठ्यांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर ताईंनी अकरा प्रश्न लिहिले आणि चार दिवस ओट्याजवळच्या भिंतीला विचारून पाहिले. भिंत बरी, चुका काढत नाही.

गुरुवारी संध्याकाळी शेजारून तीन खुर्च्या मागून आणल्या. आली दोनच माणसं, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि एक बस ड्रायव्हर. ड्रायव्हर नेहमी यायचा, पण कधी तोंड उघडायचा नाही.

ताईंनी वाचायला सुरुवात केली आणि आवाज असा लागला की मुख्याध्यापिकाबाई दचकल्या. "अहो, आम्ही इथेच आहोत!"

"सवय हो, यंत्रांची," ताई ओशाळल्या. पहिला प्रश्न विचारला, दोघं बायबलच्या पानात बघत राहिले. दुसऱ्याला बाईंनी एका दमात उत्तर देऊन टाकलं. तिसरा होता, 'कुणी नाही' म्हणताना त्या माणसाला काय वाटलं असेल? शेवटी बाईच म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं ते सांगा की. नुसतं विचारून कसं चालेल?"

याचं उत्तर चिठ्ठीवर नव्हतं. ताई म्हणाल्या, "मला वाटतं, त्याला लाज वाटली असेल. आजाराची नाही. कुणी नसल्याची." आणि पुढे बोलून गेल्या, "रविवारी मंडळीत सगळे विचारतात, कशा आहात. मी म्हणते, बरी आहे. मग सोमवारी कामावर जाईपर्यंत माझ्या तोंडून दुसरा शब्द निघत नाही."

ड्रायव्हर खाली बघत बसला. बाईंनी चष्मा पुसला. "ते ठीक आहे, पण आपण विषय सोडून चाललोय. पुढचं वाचा."

ताईंनी वाचलं. उरलेले आठ प्रश्न पदरातच राहिले. प्रार्थना घाईघाईत आटोपली, चहा झाला, दोघे गेले. ताई रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिल्या. आपण एकट्या असल्याचं उगाच सांगून बसलो, तेही कुणी न विचारता, असं काहीसं त्यांना वाटत राहिलं. शेजाऱ्यांच्या खुर्च्या परत करायला उठायलाच तासभर गेला.

पुढच्या गुरुवारी मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला, गुडघा धरलाय. ड्रायव्हर मात्र ठरल्या वेळेला दारात उभा. एकटाच. ताईंनी पुढचा अध्याय काढला.

"ताई," तो म्हणाला, "मागचाच घ्या ना. आमच्या घरी सात माणसं आहेत. तरी मला त्या 'कुणी नाही'बद्दल बोलायचंय."

ताईंनी पान मागे उलटलं. चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बोला."