आतोबांची पागा

"मेव्हण्यानं अख्खी पागा फीमध्ये घातली, आणि पोरीच्या तोंडून एक टाप वाजत नाही."

ओटीवरून हे वाक्य ऐकू आले तेव्हा मी आत्याकडच्या माजघराच्या दाराआड, आईने दिलेली अळूवड्यांची ताटली घेऊन उभी होते. पोरगी म्हणजे मी. मेव्हणा म्हणजे माझे वडील, महाडच्या कोर्टातले वकील. बोलणारे होते आतोबा, माझ्या आत्याचे यजमान. ते खाजगी बोलतही शेजारच्या गल्लीला विश्वासात घेऊनच बोलत. आत्या म्हणाली, "हळू बोला, ती आत उभी आहे." त्यावर आतोबा म्हणाले, "असू दे. सांगणार कुणाला?" हे इतके खरे होते की मला रागसुद्धा आला नाही. ताटली पाटावर ठेवली आणि मागच्या दाराने घरी आले.

आमच्या आतोबांइतका श्रीमंत आणि त्यांच्याइतका फाटका माणूस महाडपासून पोलादपूरपर्यंत दुसरा झाला नाही. बाजारपेठेत त्यांचे कापडाचे दुकान होते, पण स्वतःच्या अंगात नेहमी गिऱ्हाइकांनी नाकारलेल्या ठाणाचा सदरा. एकदा उंदराने कुरतडलेले लट्ठ्याचे ठाण होते, तर भोके खिशाच्या आत जातील अशा बेताने त्यांनी शिंप्याकडून सदरे शिवून घेतले, आणि त्या वर्षी त्यांच्या सदऱ्यांना नको तितके खिसे होते. दुकानातून जे उरे ते सगळे सोन्याच्या गिन्यांत जाई. जमीन त्यांना पटत नसे, कारण ती शेवटी कसणाऱ्याची होते हे त्यांनी नुकतेच पाहिले होते. नोटा पटत नसत, कारण कापड निदान धुता तरी येते. बँक पटत नसे, कारण तिथे आपलेच पैसे मागताना आपणच आपण आहोत हे सही करून पटवावे लागते. आणि दागिने तर मुळीच पटत नसत. "दागिना मोडायला न्या," ते म्हणत, "सोनार आधी लाख काढतो, मग घट काढतो, मग आपला जीव काढतो. गिनी कशी, घेतली तशी विकावी." त्यांनी जन्मात एकही विकली नाही, ती गोष्ट वेगळी.

गिनी म्हणजे विलायती सोन्याचे नाणे. एका अंगाला राजाचे डोके, दुसऱ्या अंगाला घोड्यावर बसून कसल्याशा राक्षसी सरड्याला मारणारा वीर. आतोबांचा जीव घोड्यावर. राजे बदलतात, घोडा तोच राहतो, असे त्यांचे म्हणणे. जगातला प्रत्येक खर्च ते ह्या घोड्यात मोजत. हॉटेलातला चहा म्हणजे शेपटीचा केस. पोलादपूरचे एस.टी.चे तिकीट म्हणजे एक खूर. आत्याने एकदा इरकली लुगडे मागितले तेव्हा ते कळवळून म्हणाले होते, "म्हणजे आता वीर पायी लढणार." मला वडिलांनी पाचगणीच्या इंग्रजी शाळेत घातले त्या दिवशी आंबेनळी घाटाच्या वळणावळणांवर मी एस.टी.च्या खिडकीतून ओकत आणि रडत गेले. खाली महाडात आतोबाही हळहळत होते, फक्त माझ्यासाठी नव्हे. त्या फीच्या घोड्यांचीच त्यांनी पागा केली होती.

गिन्या असत हिंगाच्या डब्यात. चोराला सोन्याचा वास येतो अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि त्यावर हिंगासारखा उतारा नाही. डबा कुठे असे ते कुणाला ठाऊक नसावे म्हणून ते तो सारखा हलवत, आणि हलवला की त्यांना राहवत नसे. दुकानात बसल्या बसल्या कुणी न विचारताच सांगत, "आमच्याकडे कसलं आलंय सोनं? पोटमाळ्यावर तर काहीच नाही." दुसऱ्या दिवशी आत्या डबा पोटमाळ्यावरून खाली आणी, कारण तोवर सगळ्या बाजारपेठेला ठाऊक झालेले असे.

आत्याच्या मनात एकच गोष्ट होती. ह्याच गिन्यांचा हार. तिच्या गळ्यात मंगळसूत्रापलीकडे काही नव्हते. लग्न झाले त्या वर्षीच तिने पटवेकऱ्याकडून लाल रेशमाचा गोफ करून घेतला होता, हाराला लागेल म्हणून. हार झाला नाही. गोफ मात्र ती दर दिवाळीला उन्हात घाली, कसर लागू नये म्हणून. मी लहानपणी तिला विचारले होते, हा कशाचा? ती म्हणाली, "वाट बघायचा." आतोबांपुढे विषय निघाला की त्यांचे उत्तर ठरलेले. गिनीला कडी लावली की तिचा नाद जातो, आणि नाद गेला की ती मेली. "गळ्यात काय मढी घालून फिरायचं?" असे ते विचारत, आणि आत्या उठून आमटी ढवळून येई.

नाद ही आतोबांची खरी विद्या. कसोटीचा दगड त्यांना ठाऊक होता, काटा आणि गुंजाही होत्या, पण ते सगळे संशयी लोकांसाठी. ते स्वतः गिनी हातभर उंचीवरून दगडी पायरीवर टाकत, डोळे मिटत, आणि तिची शेवटची थरथर संपेपर्यंत श्वास घेत नसत. खोटी गिनी बद्द वाजते. कडी काढून जागा घासून बुजवलेली गिनी सोन्याची असूनही बद्द वाजते, आणि तिला बाजारात नुसत्या सोन्याचा भाव येतो, नाण्याचा नाही. कुठली गिनी कधी काळी कुणाच्या गळ्यात होती हे ते आवाजावरून सांगत, आणि अशा गिनीकडे विटाळ झाल्यासारखे बघत.

शाळा संपवून मी परत आले तेव्हा माझे काय करायचे हे कुणालाच कळेना. पाचगणीला मी इंग्रजीत गप्प बसत असे; महाडात मराठीत गप्प बसू लागले. हळदीकुंकवाला बायका मला नाव विचारत आणि आई उत्तर देई. पाहायला आलेल्या एका मंडळींनी तर जाताना वडिलांना हळूच विचारले की मुलीला बोलता येते ना, म्हणजे आमची काही हरकत नाही. अशा वेळी आतोबा एक दिवस आमच्याकडे आले आणि म्हणाले, मला ह्या मडमेची गरज आहे. गिनीवरची बारीक इंग्रजी अक्षरे वाचायला. आणि शिवाय, "पाचगणीला पियानो असतो. हिचा कान तयार असेल." शाळेच्या गाण्यात मला मागच्या रांगेत उभे करून मिसने सांगितले होते की तू नुसते ओठ हलव, हे सांगायलाही बोलावे लागले असते.

मग आम्ही दोघे हिंडू लागलो. पहिल्या महायुद्धात लढायला गेलेली पुष्कळ माणसे ह्या खोऱ्यांत होती, आणि कुणा ना कुणाच्या उतरंडीत पगारात मिळालेली गिनी असेच. उमरठला एक म्हातारे पेन्शनर होते. नातीच्या लग्नासाठी त्यांना आपली गिनी विकायची होती. ती त्यांनी धोतराच्या कनवटीतून काढून आतोबांच्या हातावर ठेवली. "बसऱ्यात होतो तवा गावली हाय. खोटी नाय, शेट. वाजवून घ्या," असे म्हणाले आणि आम्हाला पाणी आणायला आत गेले.

आतोबांनी हात उंच केला, डोळे मिटले, गिनी सोडली. ती पायरीवर पडलीच नाही. पायरीशेजारी म्हाताऱ्यांची घोंगडी घडी करून ठेवली होती, तिच्यावर पडली. कापसावर पिकले बोर पडावे तसा आवाज झाला, म्हणजे झालाच नाही. आतोबा डोळे मिटून तसेच उभे. मग अगदी तृप्त चेहऱ्याने म्हणाले, "वा. घुमतोय बघ अजून."

डोळे उघडून त्यांनी पायरीवर पाहिले, मग घोंगडीवर. मग माझ्याकडे.

इतकी वर्षे आमची सगळी गल्ली समजत होती की आतोबा रागीट आहेत म्हणून ओरडतात. मी एवढी निरीक्षण करणारी, कोपऱ्यात बसून जगाची नोंद ठेवणारी, मलाही वाटत होते की माणूस आडदांड आहे. त्यांना फारसे ऐकू येत नव्हते; बोलणे ते समोरच्याच्या ओठांवरून जुळवत. आणि त्यांनी मला का बरोबर घेतले हेही त्या पायरीवर मला कळले. बोलणाऱ्या माणसाबरोबर बहिऱ्याचे बिंग फुटते. माझ्याबरोबर फुटण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या पियानोच्या कानाची मी मनातल्या मनात जी थोडीशी फुशारकी मारू लागले होते, ती तिथेच घोंगडीवर पडली.

आतून तांब्याचा आवाज आला. मी वाकून गिनी उचलली आणि पायरीवर टाकली. खणखणीत होती, खरोखर पुष्कळ वेळ घुमत राहिली. आतोबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मान हलवली. म्हातारे पाणी घेऊन आले तेव्हा आतोबा त्यांना म्हणाले, असा नाद मी पोलादपुरात ऐकला नाही, आणि त्यांनी मागितला त्याहून थोडा जास्तच भाव दिला. परतताना एस.टी.त ते पोलादपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. स्टँडवर त्यांनी मला चहा पाजला. शेपटीचे दोन केस गेले, पण ते त्यांनी मोजले नाहीत.

तेव्हापासून आमची भागी जमली. ते गिनी टाकत, माझ्याकडे बघत. मी मान हलवली की खरी, खाली बघितले की बद्द. लोक म्हणू लागले की वकिलांची मुलगी नादाची जाणकार आहे. मला हसू येई. उभ्या आयुष्यात माझी कीर्ती झाली ती एवढीच, आणि तीही मान हलवण्याबद्दल. असे दुकान दुसरीकडे कुठे नसेल: एका मालकाला ऐकू येत नाही, दुसरी बोलत नाही, आणि माल सगळा आवाजाचा.

मग सरकारचा सोन्याचा कायदा आला. सोनारांच्या शेगड्या विझल्या. बाजारात बोलणे असे की नुसत्या सोन्याचा आणि नाण्यांचा हिशेब सरकारला द्यावा लागणार, पण बाईच्या अंगावरच्या जुन्या दागिन्याला कुणी हात लावणार नाही. ज्याच्याकडे गिन्या होत्या तो कुणी परसात खणू लागला, कुणी मुंबईला मेव्हण्याकडे पोचवू लागला. आतोबा पोटमाळ्यावर काही नाही, विहिरीत तर नाहीच, असे दोन दिवस सांगत हिंडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतले, माजघरात पाट मांडला, हिंगाचा डबा त्यावर पालथा केला आणि आत्याला म्हणाले, "तुझा तो गोफ काढ."

आत्याला ते खरे वाटेना. तिने हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि मला विचारले, "हे काय म्हणाले गं?" मी मान हलवली.

सोनार मागच्या दाराने आला आणि कामाला बसण्याआधीच त्याने बजावले, "कुणी विचारलं तर ह्या कड्या तुमच्या आईच्या वेळच्या, शेट." आतोबा प्रत्येक गिनी आधी जात्यापाशी फरशीवर टाकत, माझ्याकडे बघत, मी मान हलवी, आणि मग ती ते सोनाराच्या हातात देत. उमरठची गिनी त्यांनी कानाला लावली, बराच वेळ, आणि मग न टाकताच देऊन टाकली. गल्लीत त्यांनी सगळ्यांना सांगितले की कायद्यापुढे कुणाचे चालते. मला वाटते, कायदा त्यांना आयताच सापडला. पण हे मी कुणाला सांगणार होते?

आतोबा पुढच्याच वर्षी गेले, त्यामुळे तो हार आत्याच्या गळ्यात फार दिवस राहिला नाही. गोफासकट पुन्हा डब्यात गेला. मला आठवतो तो चैत्रातल्या हळदीकुंकवाचा दिवस. माजघर बायकांनी भरले होते. मी खांबाला टेकून, आतोबा ओटीवरच्या खुर्चीत दाराकडे तोंड करून. आत्या स्वयंपाकघरातून आंब्याच्या डाळीचे ताट घेऊन आली, आणि तिच्या गळ्यात लाल रेशमावर ते सगळे घोडे. हाराला अजून हिंगाचा वास होता. एक बाई तिच्याजवळ वाकून म्हणाली, डाळीला फोडणी काय सुरेख बसलीय. आत्या लाजली. ह्या वयात मी तिला पहिल्यांदा लाजताना पाहिले. ती पान मांडायला वाकली की गिन्या एकमेकींवर आपटत, सरळ झाली की पुन्हा.

आतोबांनी मला खुणेने जवळ बोलावले आणि आपल्या समजुतीप्रमाणे माझ्या कानात विचारले, "मडम, मेल्या ना गो सगळ्या?" माजघरातल्या सगळ्या बायकांनी ते ऐकले आणि वळून पाहिले. मी नेहमीप्रमाणे मान हलवली, नाही म्हणून. पण आतोबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते आत्याकडे बघत होते, आणि त्यांना तिथून नजर काढायची नव्हती. मी हळूच "नाही" म्हटले. ते त्यांच्यापर्यंत पोचले नाही. "मेल्या ना?" त्यांनी पुन्हा विचारले, ह्या वेळी जरा घाबरल्यासारखे.

तेव्हा मी त्यांच्या खुर्चीचा हात धरला आणि शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"नाही मेल्या, आतोबा. आत्या चालली की अख्खी पागा चालते. आधी टापा ऐकू येतात, मग आत्या दिसते."